पौषातला वाढदिवस

फुलाआत्या खरं तर माझ्या वडिलांची आत्या, म्हणजे माझी आजीच. पण घरात सगळे तिला आत्या म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे, आणि कालव्याच्या ऑफिसातल्या शिपायापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत साऱ्या बारामतीची ती आत्याच होती. उंचीनं बेताची, आवाजानं दणदणीत. रागावली की बोलायची आणि फारच रागावली की गप्प बसायची, त्यामुळे तिची बडबड ऐकू येत असली की घर निर्धास्त असायचं.

नरसिंहपूर तिचं सासर. नवरा लवकर गेला. वर्षभरात सहा वर्षांची एकुलती एक मुलगी, सरू, तीही गेली. मग माझे आजोबा बैलगाडी जुंपून गेले आणि बहिणीला वडगाव निंबाळकरला माहेरी घेऊन आले. पुढे माझे वडील, मोहनराव, कालव्याचे इन्स्पेक्टर झाले आणि बारामतीत बिऱ्हाड केलं, तेव्हा सामानाच्या गाडीत जात्याशेजारी आत्याही बसून आली. दोन जड वस्तू एकाच फेरीत आणल्या, असं ती स्वतःच सांगायची.

कामाला ती वाघीण होती. तिचे हात तिला विचारायला थांबत नसत. तोंडानं शेजारणीला शेतातल्या वांग्यांची हकिकत सांगत असायची आणि तेवढ्यात शेंगा निवडून, सोलून, भाजून व्हायच्या. आई तिला भ्यायची. वडीलही भ्यायचे, पण ते त्याला मान ठेवणं म्हणायचे.

मी सात वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट. सन छत्तीसची दिवाळी झाली आणि मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस म्हणता म्हणता तो महिनाभर राहिला. मार्गशीर्षात उतरला एकदाचा, पण जाताना माझी भूक घेऊन गेला. मी मूळची हट्टी, हे सगळ्या घराला ठाऊक होतं, म्हणून आधी सगळ्यांना तो हट्टच वाटला. हट्ट नव्हता. पेज तोंडाजवळ आणली तरी पोटात ढवळायचं. मुगाचं कढण, साबुदाण्याची खीर, डाळिंबाचे दाणे, सगळं तसंच परत जायचं. संक्रांत आली नि गेली, मी तिळगुळाकडे ढुंकून पाहिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून वडिलांनी पुण्याच्या कँपातून चॉकलेट-माल्टच्या पावडरीचा डबा मागवला. ती दुधात कालवून द्यायची. दोन दिवस मी चार-चार घोट घेतले आणि तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. माझे हात असे झाले होते की आईनं बांगड्या काढून ठेवल्या, कारण त्या झोपेत गळून पडायच्या.

एक दिवस डॉक्टर ओसरीवर वडिलांशी बोलत होते. माझी खाट माजघरात, मधे नुसतं दार. मोठ्यांना वाटतं आजारी मुलाला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आतडी आता बरी आहेत, पण पोर अशीच खंगत राहिली तर माझ्यापाशी औषध नाही. मागेल ते द्या. थोडं द्या, पण पोटात जाऊ द्या.  आत्या दाराआड उभी होती, ती काहीच बोलली नाही, आणि त्यावरून मला कळलं की गोष्ट गंभीर आहे.

आत्याच्या सरूला हाच ताप आला होता. त्या काळी तापात पोराला उपाशी ठेवायचे. शेवटच्या दिवसांत सरूनं बोरं मागितली. मोठी माणसं म्हणाली, देऊ नको, आणि आत्यानं ऐकलं. हे तिनं मला फार वर्षांनी, मी स्वतः आई झाल्यावर सांगितलं. सरू बोरानं वाचली असती असं ती म्हणाली नाही. पण मागितलं ते दिलं नाही, एवढं तिच्या काळजात कायमचं रुतून बसलं होतं.

डॉक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्या खाटेवर येऊन बसली आणि तिनं विचारलं, काय खाशील? तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी मी म्हणाले, केक.

आत्यानं केक पाहिला नव्हता. मी एकदाच पाहिला होता. कालव्याच्या इंजिनियर साहेबाच्या मुलीचा वाढदिवस होता, तेव्हा वडील मला बंगल्यावर घेऊन गेले होते. साहेबाचा स्वयंपाकी इंदापूरचा, जयवंता नावाचा. त्यानं हीच माल्टची पावडर घालून तांबूस केक केला होता आणि त्याच्यावर बोटभर जाडीचं पांढरं, लोण्यासारखं काहीतरी थापलं होतं. तो घास मला तापातही आठवायचा. मी आत्याला सगळं वर्णन करून सांगितलं. दोन महिन्यांत मी एवढं सलग बोलले नव्हते.

आत्या म्हणाली, आजच करते. तर मी म्हणाले, केक वाढदिवसाला असतो. अधेमधे नसतो. माझा वाढदिवस होता वैशाखात.

 वैशाखाला तीन महिने होते, आणि मी तीन महिने काढते की नाही हाच तर घराला प्रश्न पडला होता. मग आत्यानं जाहीर केलं की रतनचा, म्हणजे माझा, वाढदिवस येत्या गुरुवारी आहे. आई, म्हाळसा तिचं नाव, मुळातली भित्री. ती कुजबुजली की आत्या, पौष चाललाय, पौषात कुणी शुभ काही करत नाही, आणि शिवाय ही तर वैशाखातली. आत्यानं तिला एका वाक्यात गप्प केलं. “मी व्हते तिच्या जन्माला, तू तर बेसुद पडली व्हतीस.” आईला ते नाकारता येईना, कारण ती खरोखरच बेशुद्ध होती.

वडिलांनी जयवंताला बोलावणं धाडलं. तो मागच्या दाराशी उकिडवा बसला आणि केकची कृती सांगू लागला. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. तो चहाच्या कपानं मापं सांगायचा आणि आत्या त्याची ओंजळ, मूठ, चिमूट करून घ्यायची. मैदा, अंडी, साखर, पावडर, आणि केक फुगायला त्यानं आणलेली एक पुडी. वरच्या पांढऱ्या थराला फक्त लोणी आणि पिठासारखी दळलेली साखर, खूप खूप फेसायचं. लोणी घट्ट पाहिजे, वितळू द्यायचं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आत्या भडकली. चाळीस वर्षं ताक घुसळणाऱ्या बाईला इंदापूरचा गडी लोणी शिकवतोय, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. जयवंता मुकाट्यानं चहा पिऊन गेला. त्याला साहेबाबरोबर दौऱ्यावर निघायचं होतं.

मागच्या अंगणात आमची एक म्हैस होती. रोजचं लोणी आत्या एका गाडग्यात थंड पाण्यात ठेवू लागली, रोज पाणी बदलायची. साखर तिनं जात्यावर दळली आणि लुगड्याच्या जुन्या मऊ तुकड्यातून गाळली. मैदाही तसाच गाळला. घरभर पांढरी धूळ झाली. आईला तिनं गाडग्याला हात लावायची बंदी केली होती.

गुरुवार उजाडला. थंडी चांगली होती. अंड्यांचं काम आतल्या चुलीवर नको म्हणून आत्यानं परसात तीन दगडांची चूल मांडली. मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, तिच्यात तूप फासलेला डबा ठेवला, वर झाकण आणि झाकणावर निखारे. जरा वेळानं वास सुटला. पावडरीचा, साखरेचा, जरासा धुराचा. मी खाटेवर उठून बसले. आई माझ्याकडे बघत राहिली, पण नजर लागेल म्हणून बोलली नाही.

आत्या परसातून आत, आतून परसात अशा खेपा घालत होती. निखारे कमी झाले का, एका बाजूनं करपतोय का. सारा जीव त्या पातेल्यात. मधल्या एका खेपेत तिनं गाडग्यातलं लोणी काढलं, दोन पाण्यांनी धुतलं, धुतलेलं लोणी स्वच्छ पातेलीत घातलं, पातेली आतल्या चुलीवर ठेवली, वास चांगला यावा म्हणून त्यात विड्याचं पान टाकलं आणि ती परत परसात गेली.

आमच्याकडे पाच दिवसांचं लोणी धुतलं की ते कढवायचंच असतं. शिळं लोणी न कढवता ठेवणारी बाई आळशी. आत्याच्या हातांनी चाळीस वर्षं जे केलं तेच केलं.

वास मलाच आधी आला. मग आईला. ती धावत स्वयंपाकघरात गेली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आत्या परसातून आली आणि पातेलीत पाहत उभी राहिली. खाली बेरी, वर सोन्यासारखं नितळ तूप, आणि त्यात कुरकुरीत झालेलं पान. एरवी असं तूप पाहून तिनं शेजारणीला हाक मारून दाखवलं असतं. आता ती गप्प झाली. अशी गप्प, की आईनं भीतीनं पदर तोंडात धरला.

वडील त्या दिवशी ऑफिसला गेले नव्हते. त्यांनी शिपायाला लोण्यासाठी घरोघर पिटाळलं. तासाभरानं तो हात हलवत आला. नेमकं सगळ्यांनी कालच लोणी कढवलेलं. साऱ्या बारामतीत तुपाला तोटा नव्हता, लोणी मात्र सुपारीएवढंही नव्हतं. शेजारच्या सारजाबाईंनी तर अडचण आहे म्हणून तांब्याभर तूपच पाठवून दिलं. आमची म्हैस दूध देऊन मोकळी झाली होती, त्याचं विरजण लागून उद्या ताक व्हायचं. दिवस उद्यावर ढकलू या, असं वडील म्हणाले.

आणि तेव्हा मी खाटेवरून बोलले. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते. मी म्हणाले, “वरचं पांढरं नसंल तर मी न्हाय खाणार. आन् उद्याबी न्हाय खाणार. वाढदिस आज हाय.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की बरी असते तर एक थोबाडीत बसली असती. आत्या मात्र माझ्याजवळ आली, माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, “व्हय. आज हाय.”

मग ती उंबऱ्यावर जाऊन बसली. किती वेळ बसली सांगता येत नाही. मला फार वाटला. तिची पाठ मला दिसत होती आणि त्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. एकाएकी ती उठली. हौदातलं गार पाणी घंगाळात भरलं, तुपाची पातेली त्यात ठेवली आणि ढवळत बसली. पाणी कोमट झालं की बदलायची. तीन वेळा बदललं. पौषातल्या थंडीनं तिला साथ दिली. नितळ तूप गढूळ झालं, मग रवाळ झालं, मग उलथन्यावर ढेकूळ राहू लागलं.

आईनं विचारलं, आत्या, काय करताय? आत्या म्हणाली, “चिरोट्याला साटा कसा फेसतीस?”

चिरोट्यांच्या पाऱ्यांमध्ये लावायला तूप फेसतात, तो साटा. आमच्या घरात साटा आत्याचाच. तिनं कल्हईची परात पुढ्यात घेतली, तिच्यात तो गोळा टाकला आणि तळहातानं फिरवायला सुरुवात केली. एकाच दिशेनं, गोल, परातीला घासून. पहिल्यांदा नुसतं पिवळं आणि ओशट. मग फिकट. हात थांबवायचा नाही. तिच्या कोपरापर्यंत तूप चढलं. श्वास लागला तरी ती थांबेना, तेव्हा आई पुढं झाली, तिनं बांगड्या वर सारल्या आणि न विचारता परातीत हात घातला. दोन महिने माझ्या खाटेचा पाय न सोडणारी, आत्यापुढं मान वर न करणारी माझी आई. आत्यानं तिला हात घालू दिला. दोघी आळीपाळीनं फेसत राहिल्या. 

खाटेवरून मला परात दिसेना. नुसता सपसप आवाज यायचा. मला राहवेना. मी पाय खाली सोडले, भिंतीला धरलं आणि एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. नोव्हेंबरपासून मी माझ्या पायांनी चालले नव्हते. दोघींनी मान वर करून पाहिलं. आईचा हात थांबला. आत्यानं तिला कोपरानं ढोसलं, थांबू नको म्हणून, आणि दुसऱ्या हातानं माझ्याकडे पाट सरकवला. मी बसले. कुणी काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मी बहुधा पडलेच असते.

परातीत तूप पांढरं झालं होतं. हलकं, फुगलेलं, सायीहून मऊ. आत्यानं त्यात मुठीमुठीनं पिठीसाखर घातली आणि फेसत राहिली. शेवटी तिनं चिमूटभर गोळा पाण्याच्या वाटीत टाकला. तो तरंगला. आत्यानं तोंडातल्या तोंडात नरसिंहाचं नाव घेतलं आणि हात पुसले.

केक डब्यातून निघताना खालून जरा चिकटला. एका अंगाला काळपट, मधे बसका. सांगायलाच हवं, साहेबाच्या बंगल्यावरच्या केकचा हा लांबचा गरीब नातेवाईक होता. आत्यानं खड्ड्यात पांढरं जास्त भरलं, उलथन्यानं सारखं केलं आणि वर माल्टची पावडर भुरभुरली. मग खड्डा दिसेना. दुपार झाली होती. मला नवं परकर-पोलकं घातलं. ते अंगावर लोंबत होतं. आई आणि आत्या दोघींनी ओवाळलं. वडील कोट घालून बसले होते, घरातच, कोट घालून.

डॉक्टरांनी थोडं द्या म्हणून सांगितलं होतं, म्हणून आत्यानं दोन बोटांएवढा तुकडा कापला. मी आधी वरचं पांढरं बोटानं चाटलं. ते जिभेवर ठेवताच विरघळलं. मग खालचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तिघांचे डोळे माझ्या तोंडावर. मी चावतेय, मी गिळतेय. पहिला घास गेला. दुसरा गेला. पोटात ढवळलं नाही. मी ताटली पुसून घेतली.

वडील उगाचच उठून परसात जाऊन म्हशीला पाहून आले. आई उघड उघड रडत होती आणि पुसतही नव्हती. आत्या माझ्यासमोर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, तुपानं अजून चकाकणारे. तिनं विचारलं, “आनखी देऊ?”

मी मान हलवली. नको म्हणून. आई रडायची थांबली.

मी म्हणाले, “लई गोड हाय, आत्या. तोंड मिटलं. मला भाकरी पायजे.”

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. पाच दिवस साठवलेलं लोणी, दळलेली साखर, कोपरापर्यंत भरलेले हात, आणि पोरगी म्हणते भाकरी पाहिजे. मला खरंच भूक लागली होती. साधी, पोटातली, कडकडून भूक, जी मी विसरूनच गेले होते. वडील ओसरीच्या खांबाला टेकून हसायला लागले. किती तरी दिवसांनी मी त्यांना हसताना ऐकलं. आई पीठ काढायला धावली, तर आत्या तिला म्हणाली, “तू बस. मी करते.”

तिनं चूल पुन्हा पेटवली, तवा ठेवला, पीठ मळलं. उरलेला केक शिपायानं, सारजाबाईंनी आणि त्यांच्या नातवंडांनी संपवला, पण ते नंतर. आत्ता घरात फक्त भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि तोही सरळ येत नव्हता. मधेच थांबायचा. मी पाटावरून पाहिलं तर आत्याचे ते चाळीस वर्षांचे हात पिठातच थांबत होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. तव्यावर टाकताना भाकरी मधोमध चिरली. तिच्या हातची भाकरी चिरलेली घरात कुणी कधी पाहिली नव्हती. एरवी तिनं ती मोडून पुन्हा थापली असती. त्या दिवशी तेवढा दम तिला नव्हता. तिनं ती तशीच भाजली आणि दोन तुकड्यांत माझ्या ताटलीत घातली. मी दोन्ही तुकडे खाल्ले.